येळवशीच्या दिवशी वाजलेले अलर्ट

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कार्यालयांच्या संगणकीकरणावर आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेले काही दिवस जी चर्चा चालू आहे, ती मी आवर्जून वाचते आहे. फायली संगणकावर गेल्या, पण कामे होती तिथेच राहिली, असा त्या पत्रांचा एकूण सूर आहे आणि तो खोटा नाही. मात्र त्यावरून सॉफ्टवेअरच निरुपयोगी आहे, असा जो निष्कर्ष एका पत्रलेखकाने काढला आहे, तो मला मान्य नाही. लातूर जिल्ह्यात शाखा असलेल्या एका सहकारी पतपुरवठा संस्थेच्या संगणक विभागात मी अकरा वर्षे काम करते. कर्जाचा अर्ज शाखेत आल्यापासून रक्कम खात्यावर जमा होईपर्यंतचा सगळा प्रवास आमच्याकडे कार्यप्रक्रिया व्यवस्थापनाच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या 'बीपीएम'च्या, सॉफ्टवेअरवर चालतो. कोणते काम कोणाच्या यादीत किती वेळ पडून आहे, हे अशा सॉफ्टवेअरला मिनिटापर्यंत ठाऊक असते. ते कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे मात्र त्याला कोणीतरी नेमून द्यावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी नेमके हेच काम राहून गेलेले असते.

आमच्याकडेही ते राहूनच गेले होते. सॉफ्टवेअर बसवून झाल्यावर विक्रेत्या कंपनीच्या माणसाने जाता जाता सगळ्या टप्प्यांना एकच अलर्ट लावून दिला. कोणतेही काम कोणाच्याही यादीत २४ तासांहून जास्त राहिले, की त्या कर्मचाऱ्याला, त्याच्या शाखाधिकाऱ्याला आणि मुख्य कार्यालयातील आम्हा तिघांना एसएमएस आणि ई-मेल जाणार. तेव्हा आम्हाला ही व्यवस्था फार चोख वाटली होती. मग मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, म्हणजे आमच्या बोलीतली येळवस, आली. लातूर-धाराशिवच्या वाचकांना येळवस म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते, की त्या दिवशी आमच्याकडची गावेच काय, शहरेसुद्धा ओस पडतात आणि झाडून सगळी माणसे शेतात असतात. मी औशाकडे माहेरच्या शेतात कडब्याच्या कोपीपुढे बसले होते, भज्जी वाढून झाली होती, आंबिलाचा तांब्या हातात होता, आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास पर्समधला फोन जो वाजू लागला तो थांबेचना. आदल्या दिवशी दुपारपासून शाखांनी जी जी कामे पुढे सरकवली होती, त्या प्रत्येकाचे २४ तास एकेक करून भरत होते. शेवटी मामींनी घाबरून विचारले, "आगं, कुणी गेलं का काय?"

दुसऱ्या दिवशी मोजले तेव्हा त्या दुपारचे १३८ अलर्ट निघाले, आणि त्यांतला एकही खऱ्या दिरंगाईचा नव्हता. खरे वाईट झाले ते त्यानंतर. आम्ही तिघांनीही, एकमेकांना न विचारता, आपापल्या फोनवर त्या संदेशांचा आवाज बंद करून टाकला. पुढे पंधरा-वीस दिवसांनी ठिबक संचाच्या कर्जाचा एक अर्ज खरोखरच एका यादीत अडकला. त्याचा अलर्ट रोज येत होता, पण कोणी पाहत नव्हते. तो शेतकरी स्वतः काउंटरवर येऊन उभा राहिला, तेव्हा आम्हाला कळले.

हा केवळ आमचा आळस नव्हता. १९९४ साली ब्रिटनमधील मिलफर्ड हेवन येथे तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. त्याच्या चौकशीत असे दिसून आले, की स्फोटापूर्वीच्या शेवटच्या सुमारे ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ इशारे येऊन आदळले होते. इतक्या गर्दीत महत्त्वाचा कोणता आणि बिनमहत्त्वाचा कोणता, हे माणूस निवडू शकत नाही. कारखान्यांच्या जगाने त्यापासून धडा घेतला आणि एका माणसाला दहा मिनिटांत साधारण एकाहून जास्त इशारा येऊ नये, असे मार्गदर्शक प्रमाणही तेथे पुढे रूढ झाले. कार्यालयीन सॉफ्टवेअरच्या जगात मात्र जितके जास्त अलर्ट, तितके जास्त लक्ष, अशीच समजूत अजून आहे.

येळवशीचा घोटाळा मुळात दिनदर्शिकेचा होता. प्रक्रियेची आकृती काढण्यासाठी २०११ पासून बीपीएमएन २.० ही चिन्हपद्धती वापरली जाते. तिच्यात मुदत लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. तीन दिवस लिहायचे असतील तर 'पी-३-डी' असे लिहितात, आणि त्याचा अर्थ रात्री, रविवार, सणवार सगळे धरून तीन दिवस. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला आलेल्या कामाची तीन दिवसांची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचला संपते, आणि त्यात कामाचा दिवस निव्वळ एकच असतो. कामकाजाच्या दिवसांप्रमाणे मोजायचे असेल तर सुट्ट्यांची दिनदर्शिका वेगळी जोडावी लागते. आम्हाला मिळालेल्या दिनदर्शिकेत २६ जानेवारी होती, २ ऑक्टोबर होता, पण मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा १७ सप्टेंबर नव्हता, येळवस नव्हती आणि जिल्हाधिकारी दरवर्षी ज्या स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात त्यांचा पत्ताच नव्हता. त्या दरवर्षी बदलतात, म्हणजे हे काम एकदा करून सुटत नाही. जानेवारीत परिपत्रक आले की कोणीतरी ते हाताने भरले पाहिजे. आमच्याकडे ते आता माझ्याकडे आहे. येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पीक विम्यासाठी नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची अट आपल्या भागात घरोघरी पाठ झाली होती, आणि त्या ७२ तासांत शेतकऱ्याचा रविवार कधी वगळला गेला नाही. घड्याळाला सुट्टी देण्याची सोय फक्त कार्यालयाच्या बाजूची आहे, एवढे तरी दिनदर्शिका भरताना आमच्या लक्षात असावे.

मुदत लिहिण्याच्या याच रीतीने आमची आणखी एक फजिती केली. सोनेतारण कर्जात दागिने पॅनेलवरच्या सराफाकडे गेले, की अर्ध्या तासात मूल्यांकन परत यावे अशी अपेक्षा असते. त्यासाठी 'पीटी-३०-एम' असे लिहायचे. आमच्या सहकाऱ्याच्या हातून 'टी' राहिला. तो नसेल तर 'एम'चा अर्थ मिनिट राहत नाही, महिना होतो. म्हणजे आम्ही अडीच वर्षांनी वाजणारा अलर्ट लावून ठेवला होता. सॉफ्टवेअरने हरकत घेतली नाही, कारण त्याच्या लेखी दोन्ही लेखन शुद्ध. चार महिन्यांनी एका ग्राहकाने तक्रार केली तेव्हा ही चूक सापडली. तेव्हापासून नवा अलर्ट लावला की त्याची मुदत मुद्दाम दोन मिनिटांची करून तो खरोखर वाजतो का हे पाहायचे, मग खरी मुदत घालायची आणि ती दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यायची, असा नियमच आम्ही केला आहे.

यापेक्षाही फसवा प्रकार आकृतीतल्या एका रेघेचा आहे. आकृतीत प्रत्येक काम एका चौकोनाने दाखवतात आणि त्याला मुदत लावायची तर चौकोनाच्या कडेवर घड्याळाचे लहानसे वर्तुळ चिकटवतात. त्या वर्तुळाची दुहेरी रेघ अखंड असेल तर मुदत संपताक्षणी ते काम रद्द होते आणि प्रकरण दुसऱ्या वाटेने निघून जाते. रेघ तुटक असेल तर काम जिथल्या तिथे राहते आणि इशारा तेवढा बाजूने बाहेर पडतो. आमच्याकडे वकिलांच्या शोध अहवालाची, म्हणजे तारण मालमत्तेची मालकी तपासून दिलेल्या अहवालाची, पडताळणी करण्याच्या टप्प्यावर अखंड रेघेचे घड्याळ बसले होते. एका सोमवारी तेथील लिपिक ताईंनी यादी उघडली, तर शनिवारी दिसत असलेली तीन प्रकरणे यादीत नव्हती. वरिष्ठांनी ती निकाली काढली असतील, असे त्यांना वाटले, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. प्रत्यक्षात मुदत संपल्यामुळे त्यांच्या यादीतून ती पुसली जाऊन, प्रसूती रजेवर असलेल्या एका अधिकाऱ्यांच्या यादीत जाऊन बसली होती. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने सर्व काही नियमानुसार झाले होते. आठवण करून द्यायची आहे की काम काढून घ्यायचे आहे, हा निर्णय प्रशासनाचा आहे. तो रेघ ओढणाऱ्या कंत्राटी मुलावर सोडला, की असे होते. माझे मत विचाराल तर काम काढून घेणारे घड्याळ अगदी क्वचित वापरावे, आणि वापरलेच तर ज्याच्याकडून काम काढले त्याला ते त्याच क्षणी कळवावे.

अलर्ट कोणाला जावा, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. आमच्या जुन्या रचनेत तो व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकाला जोडलेला होता. निलंग्याचे शाखाधिकारी बदलून उदगीरला गेले, आणि पुढचे दीड महिना निलंग्याच्या प्रकरणांचे अलर्ट उदगीरला वाचले गेले. आता अलर्ट पदाला जोडला आहे आणि त्या पदावर आज कोण आहे, रजेवर असल्यास कार्यभार कोणाकडे आहे, हे आस्थापना विभागाच्या नोंदीवरून ठरते. शिवाय ज्याच्या हातात काही करण्यासारखे आहे त्यालाच अलर्ट जावा. कर्जदाराच्या आधीच्या कर्जफेडीची माहिती देणाऱ्या पतमाहिती कंपनीशी असलेली जोडणी तुटली, सॉफ्टवेअरने ठरल्याप्रमाणे पुन्हा पुन्हा प्रयत्न केले आणि तेही संपले, तर ते कळायला हवे संगणक विभागाला; शाखेतल्या माणसाला ते कळवून त्याच्या रक्तदाबाखेरीज काही वाढत नाही. उलट अर्जदाराची सही राहिली आहे, हे रात्री दहाला मला कळून काय उपयोग? पूर्वी हे दोन्ही प्रकारचे संदेश एकाच रंगात, एकाच पेटीत येत असत. ते वेगळे केल्यावरच माझ्या फोनचा आवाज मी पुन्हा सुरू केला.

संदेशाच्या भाषेबद्दलही सांगायला हवे, कारण येथे मराठीचा प्रश्न येतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरचिन्हे मावतात. देवनागरीत लिहिले की ही मर्यादा ७० वर येते, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जाते. त्यामुळे बऱ्याच संस्था सरळ इंग्रजीत संदेश पाठवून मोकळ्या होतात. आम्हीही तेच करत होतो, आणि शिपाई ते शाखाधिकारी सगळे तो इंग्रजी मजकूर न वाचता पुढे सरकवत होते. शेवटी बसून मराठी मजकूर घडवला: "प्र.क्र. ४५१२: शोध अहवाल ३ दिवस थांबला. आज वकिलांना फोन करा." मोजून पाहावे, तो सत्तरच्या आत बसतो, आणि काय अडले, किती दिवस अडले व आता काय करायचे, तिन्ही त्यात आहे. असा मजकूर आधी दूरसंचार कंपनीकडे नोंदवावा लागतो आणि पाठवलेला संदेश नोंदवलेल्या मजकुराशी जुळला नाही तर तो वाटेतच अडवला जातो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आमचा एक सुधारलेला मजकूर या कारणाने आठवडाभर कोणालाच पोचत नव्हता. कर्जदाराचे नाव आणि थकबाकी संदेशात घालून तो शाखेच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्याची जी पद्धत पडली आहे, तीही बंद व्हायला हवी. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीच झालेला आहे, आणि नसता झाला तरी दुसऱ्याच्या कर्जाची चर्चा गटावर करणे बरे नव्हेच.

मुदत किती ठेवायची, हे साहेबांच्या मनावर सोडू नये. आम्ही मागील वर्षभराच्या नोंदी काढल्या आणि प्रत्येक टप्प्यावर शंभरांतली नव्वद कामे किती वेळात होतात ते पाहिले. सरासरी काढली नाही, कारण दोन-चार रखडलेली प्रकरणे सरासरी कुठल्या कुठे नेतात. मग लक्षात आले, की सोनेतारणाला आणि पीककर्जाला एक मोजमाप लावणेच चूक होते. इतकेच नाही, तर पीककर्जाचे मे-जूनचे मोजमापही वेगळे हवे, कारण पेरणीच्या तोंडावर अर्जांचा जो लोंढा येतो त्यात प्रत्येक प्रकरणाचा वेगळा अलर्ट म्हणजे पुन्हा येळवसच. त्या दिवसांत आम्ही 'अमुक शाखेत पडताळणीसाठी ४० प्रकरणे थांबली आहेत' असा एकच संदेश देतो. त्यावर जिल्हा कार्यालय दुसऱ्या शाखेतून एक माणूस पाठवू शकते. चाळीस सुट्या संदेशांवर कोणीच काही करत नाही.

आता थोडे अवघड बोलते. अलर्ट वरिष्ठांकडे जाऊ लागले, की कर्मचारी काम लवकर करू लागतात असे नाही. काही जण घड्याळ थांबवायला शिकतात. आमच्याकडे अर्ज 'त्रुटी' म्हणून अर्जदाराकडे परत पाठवला, की त्या काळात मुदत मोजली जात नसे. अलर्ट सुरू झाल्यावर दोन महिन्यांत त्रुटींची संख्या एकदम वाढली. आठ-अचा उतारा जोडलेला असताना तो अस्पष्ट आहे, आधार कार्डाची मागची बाजू नाही, अशी कारणे देऊन मुदत संपण्याच्या आदल्या संध्याकाळी अर्ज परत जाऊ लागले. अहवालात दिरंगाई घटलेली दिसत होती आणि शेतकऱ्याच्या खेपा वाढल्या होत्या. संचालक मंडळाच्या बैठकीत त्या सुंदर आलेखाचे कौतुकही झाले, हे मला आज आठवले तरी लाज वाटते, कारण तो आलेख मीच तयार केला होता. नंतर आम्ही दुसरे घड्याळ लावले, जे अर्ज पहिल्यांदा दाखल झाल्यापासून चालते आणि कशानेही थांबत नाही. आणि एकच अर्ज दोनदा परत गेला तर तिसऱ्यांदा परत पाठवण्यासाठी शाखाधिकाऱ्यांना स्वतः कारण लिहावे लागते. त्रुटी संपल्या नाहीत, पण आदल्या संध्याकाळच्या त्रुटी संपल्या.

राहता राहिला शांततेचा प्रश्न. अलर्ट येत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, की अलर्ट पाठवणारी यंत्रणाच बंद पडली आहे? वीज गेली, सर्व्हर बंद झाला, तर तक्रार करायलाही कोणी उरत नाही. म्हणून रोज सकाळी सव्वादहाला 'यंत्रणा चालू आहे' एवढाच एक संदेश मला येतो. तो आला नाही, की मी उठते.

हे सगळे वर्तमानपत्रात लिहिण्याचे कारण असे, की हा विषय एका पतसंस्थेपुरता नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. त्यात सेवेची मुदत ठरलेली आहे, ती सेवा देण्यास जबाबदार असा पदनिर्देशित अधिकारी ठरलेला आहे, ३० दिवसांत पहिले अपील आहे, पुढे दुसरे आहे, आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड आहे. या तरतुदींचे मोल मी कमी लेखत नाही, पण अपील आणि दंड हे मुदत संपल्यानंतरचे उपाय आहेत, आणि अपील करायला नागरिकालाच पुन्हा खेप घालावी लागते. मुदतीचा दोनतृतीयांश काळ उलटल्यावर पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या हातातला फोन एकदा, आणि एकदाच, वाजला तर त्यातली कितीतरी अपिले जन्मालाच येणार नाहीत. म्हणून माझी मराठवाड्यातील नगरपालिका, बाजार समित्या, सहकारी बँका आणि साखर कारखाने यांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे, की अशा सॉफ्टवेअरची निविदा काढताना 'अलर्टची सोय असावी' या एका ओळीवर थांबू नये. प्रत्येक टप्प्याचा अलर्ट कोणत्या पदाला जाईल, कोणत्या दिनदर्शिकेने मोजला जाईल, काम जागेवर राहील की काढून घेतले जाईल आणि संदेशाचा मराठी मजकूर काय असेल, याचा तक्ता संस्थेच्या माणसांनी स्वतः भरून निविदेला जोडावा. विक्रेत्याला शोध अहवाल म्हणजे काय हे ठाऊक नसते, आणि ते ठाऊक असण्याची त्याच्याकडून अपेक्षाही नाही.

एका टप्प्याचे उत्तर मात्र आमच्याकडेही नाही. कर्ज मंजूर झाल्यावर सातबारावर बोजा चढवण्यासाठी प्रकरण तलाठ्यांकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, जाते. ते आमच्या यादीत नाहीत, आमचा अलर्ट त्यांना बांधील नाही, आणि तो त्यांना पाठवणे उद्धटपणाचेही होईल. सध्या सात दिवस झाले की अलर्ट आमच्याच वसुली अधिकाऱ्याला जातो आणि तो मोटारसायकलवरून सज्जावर जाऊन चौकशी करून येतो. पावसाळ्यात तेही जमत नाही. आपल्या वाचकांपैकी बँकेत किंवा महसूल खात्यात काम करणाऱ्या कोणी या टप्प्यावर काही चांगली व्यवस्था बसवली असेल, तर त्यांनी ती याच स्तंभातून कळवावी. येत्या मे महिन्यातल्या गर्दीपूर्वी ती आमच्याकडे लावून पाहण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, लातूर